मिसकॅरेजच्या पेशंटला घरी जाताना हातात द्यायचा कागद: काय काय लिहू?

नाईटड्युटी
मी स्टाफ नर्स आहे, सरकारी हॉस्पिटलच्या गायनॅक वॉर्डला, जिल्ह्याचं नाव नको. पहिल्या तीन महिन्यांत गर्भपात झालेल्या किंवा होत असलेल्या बायका आमच्याकडे रोज येतात, कोणी ब्लीडिंग होतंय म्हणून, कोणी सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत म्हणून. डिलिव्हरीच्या पेशंटसाठी सगळं छापील आहे, स्तनपान, लसीकरण, कांगारू केअर, भिंतीभर पोस्टर. ह्या बायकांसाठी एक ओळ नाही. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत दोन शब्द, आयर्नच्या गोळ्या, अँटिबायोटिक, पंधरा दिवसांनी दाखवा, झालं. मग रात्री वॉर्डच्या फोनवर कोणाचातरी नवरा नाहीतर आई, सिस्टर एवढ्या गाठी पडतायत हे बरोबर आहे का, आणि फोन करणारे तरी बरे, बाकीच्यांचं काय होतं देव जाणे.

तर एक पानी मराठी कागद करायचाय. इन्चार्ज सिस्टर तयार आहेत, मॅडम पण म्हणाल्या लिहून आण मी तपासते. मेडिकल भाग मी लिहीन. पण ज्यांच्यावर ही वेळ आली त्यांनी सांगा, तेव्हा काय सांगितलं गेलं असतं तर बरं झालं असतं? आणि वॉर्डात नर्सने काय केलेलं बरं वाटलं, काय खटकलं? शिव्या घाला, चालेल, फक्त कारण देऊन घाला.

कैरीपन्हं
धागा उघडावा की नाही असं करत होते. माझं नवव्या आठवड्यात कळलं, पुण्यात, प्रायव्हेटमध्ये. सोनोग्राफीवाले डॉक्टर आधी गप्पा मारत होते आणि मधेच गप्प झाले. मी विचारलं तर "रिपोर्ट बाहेर मिळेल, तुमच्या मॅडमना दाखवा". बाहेर रांगेत सगळ्या मोठ्या पोटाच्या बायका आणि मी तिथे पाऊण तास रिपोर्टची वाट बघत, कळलेलं होतंच पण कोणी बोललं नव्हतं. तिथल्या रिसेप्शनच्या मुलीने नुसतं आतल्या खोलीत बसवलं असतं तरी पुरे होतं.

मग गोळ्या घेऊन घरी करायचं ठरलं. मला सांगितलं "पाळीसारखं होईल, थोडं जास्त". थोडं?? चार तास मी बाथरूमच्या फरशीवर होते, थंडी वाजून दात वाजत होते, जुलाब, आणि गाठी बघून नवरा पांढरा पडला. नंतर वाचलं की त्या गोळ्यांनी, म्हणजे मिसोप्रोस्टोलने, हुडहुडी, थोडा ताप, जुलाब हे सगळं होऊ शकतं आणि काही तासांत उतरतं. मग हे आधी सांगायला काय होतं? तुमच्या कागदात पाळीसारखं हा शब्द लिहू नका प्लीज. दुखणं पाळीपेक्षा बरंच जास्त असतं आणि दुखायची गोळी कळा सुरू व्हायच्या आधीच घेऊन ठेवायची, हे लिहा.

अजून एक. फोनमधलं प्रेग्नन्सीचं ॲप. तिसऱ्या दिवशी सकाळी नोटिफिकेशन, तुमचं बाळ आता अमुक फळाएवढं झालंय. हसू नका, पण कागदात लिहा की ॲप घरच्या कोणालातरी बंद करायला सांगा.

बिनसाखरेचाचहा
कैरीपन्हं, कोण हसेल गं. माझं पण ॲपचं सेम.

मला ॲडमिट केलेलं. बेड बाळंतिणींच्या वॉर्डात, कारण तिथेच रिकामा होता. डाव्या बाजूला तीन किलोचं बाळ, उजवीकडे पेढे वाटणं चाललंय. सफाईच्या मावशी आल्या आणि विचारलं काय झालं मुलगा की मुलगी. मावशींची चूक नाही, त्यांना कोण सांगणार. रात्रपाळीला दुसऱ्या सिस्टर आल्या, त्यांनी फाईल बघितली, काही न बोलता माझा बेड दाराजवळच्या कोपऱ्यात सरकवला आणि मधे स्टँडवर चादर टाकून पडदा केला. मग खुर्ची ओढून बसल्या, दोनच मिनिटं असतील, आणि म्हणाल्या "वाईट झालं. तू काही केलंस म्हणून झालं नाही". पूर्ण हॉस्पिटलात हे वाक्य फक्त त्यांनी म्हटलं. डॉक्टर चांगले होते, काम चोख केलं, पण राउंडला येऊन ब्लीडिंग किती एवढंच.

खडूसकाका
सगळ्यांबद्दल सहानुभूती आहे. पण वास्तव बघा. सरकारी वॉर्डात एका नर्सला चाळीस पेशंट, त्यात कोणी झटका येणारी, कोणाचं बीपी वाढलेलं. तिथे खुर्ची ओढून बसायला वेळ कुठून आणायचा? आमच्या आईचे दोन गेले, कधी बोलली पण नाही, कामाला लागली. आता प्रत्येक गोष्टीचं समुपदेशन.

पेस्लिप
काका, बोलली नाही म्हणजे काही वाटलं नाही असं तुम्ही कसं ठरवलंत?

सह्याद्रीकर
खडूसकाका, वेळेचा मुद्दा बरोबर आहे, आईचा नाही.

नवऱ्याच्या बाजूने लिहितो, कोणी लिहित नाही म्हणून. बायकोला आत नेलं, मला बाहेर थांबा, हा लेडीज वॉर्ड आहे. बरोबर आहे, बाकीच्या बायका असतात. पण चार तास कोणी काही सांगितलं नाही. फक्त औषधांची चिठ्ठी आणि "हे घेऊन या", "रक्तगट कुठला", "इथे सही करा". कशावर सही केली ते पण वाचलं नाही. त्यात आमच्याकडे तीन महिने कोणाला सांगायचं नाही ही पद्धत, त्यामुळे दिवस गेलेत हेच कोणाला माहीत नव्हतं, मग गेलं हे कोणाला सांगणार? ऑफिसात फूड पॉयझनिंग सांगितलं. एक सिस्टर बाहेर येऊन म्हणाल्या "त्या शुद्धीवर आहेत, तुमचं नाव घेतायत, पाच मिनिटं या", आणि वॉर्डातल्या बायकांना विचारून मला आत घेतलं. नियमात बसत नसेल कदाचित.

नाईटड्युटी
लिहिताय सगळे, खरंच थँक्यू. टिपून घेतेय.

काका, तुमचं म्हणणं मला वाईट वाटत नाही कारण ते रोजचं आहे. नर्सिंग कौन्सिलच्या हिशोबाने मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात तीन पेशंटमागे एक नर्स पाहिजे, आमच्याकडे रात्री दोघी असलो तर सण. पण मी इथे वेळ लागणाऱ्या गोष्टी विचारतच नाहीये. पल्स, बीपी, टेंपरेचर आणि पॅड बघायला त्या बेडपाशी मी जातेच. पॅड बघताना तोंडाने काय बोलते त्याला वेगळा वेळ लागत नाही. बेड कोपऱ्यात द्यायला पण लागत नाही, ॲडमिशनच्या वेळी लक्षात ठेवावं लागतं इतकंच. आम्ही आता फाईलच्या कव्हरवर कोपऱ्यात निळी टिकली लावायला सुरुवात केलीये, सफाईच्या मावशी, आहारवाले, लॅबचा मुलगा सगळ्यांना सांगितलंय की ही टिकली दिसली तर बाळाबद्दल विचारायचं नाही. लक्षात ठेवण्यात मावशी सगळ्यात पक्क्या निघाल्या, इंटर्न सगळ्यात कच्चे.

वेळ जिथे खरंच लागतो ती गोष्ट वेगळी आहे. संडासला जाताना पडून जातं, बाई घाबरते, फ्लश करते आणि मग रात्रभर तेच डोक्यात. म्हणून मी आधीच सांगते, जाताना हाक मार, मी भांडं देते. आणि पडलं की मी विचारते, बघायचंय का. काहींना बघायचं असतं, काहींना अजिबात नाही, दोन्ही ठीक. आपण ठरवायचं नाही. झाकून ट्रे घेऊन पळत सुटणारे पण बघितलेत आणि न विचारता समोर धरणारे पण.

ओटीनंबरदोन
मी गायनॅक आहे, तालुक्याच्या गावात प्रॅक्टिस. धागा बायकोने पाठवला. थोडं मेडिकल टाकतो, कागदाला उपयोगी पडेल.

एक म्हणजे घाई नको. गर्भाची लांबी ७ मिमी किंवा जास्त असून ठोके नाहीत, किंवा गर्भाभोवतीची पिशवी २५ मिमी किंवा जास्त असून आत गर्भच नाही, तेव्हाच निदान पक्कं धरायचं. त्याच्या खाली असेल तर किमान ७ दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी. तारखा चुकलेल्या असतात, आठवडाभराने ठोके दिसलेले पेशंट प्रत्येक गायनॅककडे आहेत. हे सात दिवस बाईला भयंकर जातात आणि ह्या काळात तिच्याशी बोलणारं कोणी नसतं, ना ॲडमिट ना डिस्चार्ज. नर्सेसनी इथे काही करता आलं तर बघा.

दुसरं, पर्याय तीन असतात. आपोआप पडायची वाट बघणं, गोळ्या, नाहीतर सक्शन, म्हणजे नळीने ओढून गर्भाशय रिकामं करणं. बाई स्थिर असेल, ताप नसेल, ब्लीडिंग आटोक्यात असेल तर निवड तिची. आपल्याकडे तिला एकच सांगतात, उद्या उपाशी या, क्युरेटिंग करू. डब्ल्यूएचओ केव्हापासून सांगतंय की धारदार क्युरेटने खरवडणं बंद करा, सक्शन वापरा. १२ आठवड्यांपर्यंत हाताच्या सिरिंजने, म्हणजे एमव्हीएने होतं, बऱ्याचदा नुसती जागा बधिर करून. पण त्यात बाई जागी असते! म्हणून तिच्या डोक्यापाशी एक सिस्टर हवीच. माझ्या सिस्टर तिचा हात धरून सांगत राहतात, आता ओढल्यासारखं होईल, आता कळ येईल, आता संपत आलं. ह्या सिस्टर रजेवर असल्या की त्याच प्रोसीजरला पेशंट जास्त ओरडतात हे मी स्वतः बघितलंय.

गोळ्यांत आधी मिफेप्रिस्टोन आणि एकदोन दिवसांनी मिसोप्रोस्टोल दिलं तर नुसत्या मिसोप्रोस्टोलपेक्षा पूर्ण पडायची शक्यता जास्त.

रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी डी ७२ तासांच्या आत, पुढच्या गरोदरपणात आईच्या रक्ताने बाळाच्या रक्ताला विरोध करू नये म्हणून देतात ते इंजेक्शन. डब्ल्यूएचओने आता १२ आठवड्यांच्या आत गरज नाही म्हटलंय, पण आपल्याकडे बहुतेक सगळे देतात, मी पण देतो. दिलं की नाही हे डिस्चार्ज कार्डावर स्पष्ट लिहा, पुढच्या वेळी बाई दुसऱ्याच गावात असते.

दगडफूल
कारण काय हे पण लिहा ना कागदात. माझ्या सासूबाईंनी पपई काढली, नणंदेने स्कूटर काढली, आईने (माझ्याच!) नोकरी काढली. आणि मी स्वतः, सुटकेस उचलली होती ती. वर्षभर तीच सुटकेस डोक्यात.

ओटीनंबरदोन
दगडफूल, पपई नाही, स्कूटर नाही, सुटकेस नाही. पहिल्या तीन महिन्यांतले निम्मे किंवा जास्त गर्भपात गर्भाच्या क्रोमोसोममधल्या गडबडीमुळे होतात, ती गडबड बहुतेक वेळा गर्भ तयार होतानाच झालेली असते. आणि हे दुर्मिळ नाही. लॅन्सेट ह्या मेडिकल जर्नलमध्ये २०२१ ला आलं होतं, कळलेल्या गरोदरपणांपैकी साधारण १५ टक्के, जगात वर्षाला अंदाजे २ कोटी ३० लाख. पूर्ण बेडरेस्टने गर्भपात टळतो ह्याला पण पुरावा नाही, तरी आम्ही सांगतो, कारण नाही सांगितलं आणि गेलं तर घरचे म्हणतात डॉक्टरनी झोपवून ठेवलं नाही. प्रोजेस्टेरॉन ह्या हार्मोनच्या औषधाचं थोडं वेगळं आहे, आधी गर्भपात झालेला असेल आणि आत्ता ब्लीडिंग होत असेल तर त्या बायकांत फायदा दिसलाय. सरसकट सगळ्यांना नाही.

यॉर्कशायरची
मी मूळची साताऱ्याची, इथे इंग्लंडमध्ये नर्स आहे, अर्ली प्रेग्नन्सी युनिटला. इथे सगळं गोडगोड आहे असं समजू नका, शनिवार रविवारी युनिट बंद असेल तर बाई इमर्जन्सीच्या खुर्चीत सहा तास रक्त जात बसलेली असते. पण काही गोष्टी पक्क्या आहेत. युनिट वेगळं, प्रसूती विभागाच्या रांगेत बसवत नाहीत. सोनोग्राफी करणारीच सांगते, कारण तिला तसं ट्रेनिंग आहे. आणि जे पडतं त्याचं काय करायचं हे विचारून फॉर्मवर घेतात, हॉस्पिटलने एकत्र दहन करायचं, की घरी न्यायचं, की काहीच कळवायचं नाही. २०२४ पासून इंग्लंडमध्ये असं बाळ गेल्याचं सरकारी सर्टिफिकेट पण मागता येतं, सक्ती नाही, हवं असेल तर. माझ्या एका गुजराती पेशंटने ते देवघरात ठेवलंय म्हणाली.

आपल्याकडे ह्याचं काय करतात? मी भारतात काम केलं तेव्हा हॉस्पिटलच्या कचऱ्याची पिवळी पिशवी, विषय संपला.

नाईटड्युटी
अजून पिवळीच. बायोमेडिकल वेस्टच्या नियमात तसंच आहे. पण कोणी मागितलं तर आम्ही मॅडमना विचारून लिहून घेऊन देतो. पुरायचंय म्हणणारे येतात, जास्त करून गावाकडचे. कोणी आपणहून विचारत नाही पण, भीतीने. एवढं मात्र मी नवीन मुलींना शिकवते, क्रोमोसोमची तपासणी करायची असेल तर सॅम्पल फॉर्मॅलिनमध्ये टाकायचं नाही, सलाईनमध्ये पाठवायचं. फॉर्मॅलिनमध्ये गेलं की ती तपासणी होत नाही आणि बाईला तिसऱ्या गर्भपातानंतर पण उत्तर मिळत नाही.

पेस्लिप
एचआरमध्ये आहे म्हणून हे टाकते, कागदात एक ओळ पाहिजेच. गर्भपातानंतर ६ आठवडे पगारी रजा हा कायद्याने हक्क आहे, १९६१ च्या मॅटर्निटी बेनिफिट कायद्यापासून आहे, आता सामाजिक सुरक्षा संहितेत पण तेच आहे. त्यातून आजारपण आलं तर आणखी एक महिन्यापर्यंत. ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा योजनावाल्यांना पण ६ आठवडे. केंद्र सरकारी नोकरीत पूर्ण सेवेत मिळून ४५ दिवस. बहुतेक मुली सिक लीव्ह टाकून चौथ्या दिवशी हजर होतात कारण त्यांना माहीत नसतं, आणि सांगायचंही नसतं. पुरावा म्हणून डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, ते डिस्चार्जच्या वेळीच द्या, नंतर परत हेलपाटा.

खडूसकाका
सहा आठवडे रजा हे मला माहीत नव्हतं. मुलीला पाठवतो.
बाकी माझं म्हणणं कायम आहे, नर्स भरा आधी.

टेकडीपलीकडे
मी एएनएम, म्हणजे गावपातळीवरची नर्स, मेळघाटात उपकेंद्राला. तुमचा सगळा धागा शहरातला आहे ताई, राग नका मानू. आमच्याकडं बाई दवाखान्यात येतच नाही, घरीच होते, रक्त जात राहते, चौथ्या दिवशी आशा सांगते तेव्हा कळते. हिमोग्लोबिन आधीच सात, त्यात हे. मोटरसायकलवर मधे बसवून आणतात. दिवस गेले तर नोंद होते, कार्ड मिळते, आशाच्या चकरा सुरू होतात. गर्भ पडला की चकरा बंद, कारण पुढं प्रसूतीच नाही तर कशाचा मोबदला. तिला तर तेव्हाच कोणीतरी पाहिजे असते. मी आमच्या आशांना सांगून ठेवलं, पडल्यावर पण दोनदा जायचं, रक्त कमी आहे का त्यासाठी डोळ्याची पापणी पाहायची, ताप पाहायचा, आयर्न घेते का पाहायचं. मातृवंदना योजनेत गरोदर बाईला मिळणारे सरकारी पैसे पण बुडले असं बायका समजतात, तर पुढच्या वेळी परत नव्यानं अर्ज करता येते हे सांगायचं.

कागद चांगला आहे पण वाचणार कोण? आमच्याकडं कोरकू बोलतात.

बिनसाखरेचाचहा
मनाचं पण लिहा थोडं. मला दोन महिने झोप नव्हती, सगळे म्हणायचे लहानच होतं ना, होईल दुसरं.

यॉर्कशायरची
हो, हे लिहाच. लंडन आणि बेल्जियमच्या हॉस्पिटलांमधल्या बायकांचा अभ्यास २०२० ला आला होता, लवकर गर्भ गेल्यावर महिन्याने २९ टक्के बायकांत आघातानंतरच्या तणावाची लक्षणं, नऊ महिन्यांनी पण १८ टक्क्यांत. म्हणजे फॉलोअपला पंधरा दिवसांनी आल्यावर पोट दाबून बघताना झोप लागते का एवढं तरी विचारायला पाहिजे.

नाईटड्युटी
कच्चा मसुदा टाकतेय, बघा कसा वाटतो.

"ताई, तुमचा गर्भपात झाला आहे. तुमच्या खाण्यामुळे, कामामुळे, प्रवासामुळे हे झालेलं नाही. पुढचे दहा ते चौदा दिवस कमी कमी होत रक्त जाईल, मधे एखाद दिवस वाढू शकतं. घरी गोळ्या घ्यायच्या असतील तर कळा पाळीपेक्षा बऱ्याच जोरात येतात, गाठी पडतात, थंडी, जुलाब होऊ शकतात. दुखण्याची गोळी आधी घ्या आणि एकट्या राहू नका. तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजतायत आणि असं सलग दोन तास चाललंय, चक्कर येतेय, ताप उतरत नाही, घाण वास येतोय, पोटात एका बाजूला खूप दुखतंय किंवा खांद्यात दुखतंय, तर दिवस रात्र न बघता लगेच या. रक्त थांबेपर्यंत संबंध नको, आत काही घालू नका. पाळी चार ते आठ आठवड्यांत येते, पण दिवस त्याआधीही राहू शकतात, नको असतील तर डिस्चार्जच्या आधी गर्भनिरोधनाचं विचारा. लघवीची टेस्ट तीन आठवडे पॉझिटिव्ह दाखवू शकते, त्यानंतरही दाखवली तर या. रक्तगट ____, अँटी डी दिलं / गरज नाही. नोकरी असेल तर ६ आठवडे रजेचं सर्टिफिकेट मागून घ्या. झोप लागत नसेल, रडू थांबत नसेल तर आम्हाला सांगा, किंवा टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात."

कैरीपन्हं
ॲप राहिलं.

ओटीनंबरदोन
खांदेदुखी टाकलीत ते उत्तम, नळीतला गर्भ सोनोग्राफीत सुटलेला असेल तर त्यावरूनच कळतं. "एकट्या राहू नका" हे वाक्य सगळ्यात वर घ्या.

टेकडीपलीकडे
पॅडचा हिशोब आमच्या बायकांना कळणार नाही ताई, त्या कापड वापरतात. पायावरून रक्त ओघळते, लिंबापेक्षा मोठ्या गाठी पडत राहतात, उठलं की अंधारी येते, असं लिहा.

नाईटड्युटी
घेतलं. पॅडची ओळ पण ठेवते आणि त्याखाली हे टाकते. ॲप पण टाकलं. वॉर्डचा लँडलाईन नंबर खाली छापायचाय, पण तो रात्री कोणी उचलायचा हे आधी ठरायला पाहिजे, उद्या इन्चार्ज सिस्टरशी बोलते. टेकडीपलीकडे ताई, मजकूर फायनल झाला की तुम्हाला पाठवते, तुमच्या कोणा आशाकडून कोरकूत बोलून मोबाईलवर रेकॉर्ड करून मिळेल का? तीन मिनिटांच्या आत बसलं तर वॉर्डात पण ऐकवता येईल.